जुन्या बुलेटची प्रकृती

आपल्या मोटारवाहन कायद्याच्या लेखी मोटारसायकलीच्या आयुष्यात दोनच तिथी महत्त्वाच्या आहेत. नोंदणीला पंधरा वर्षे झाली, की ती जुनी ठरते. मग मालकाने तिला परिवहन कार्यालयापुढे हजर करावे, तपासणी करून घ्यावी, पर्यावरण कर भरावा, २०२२ च्या एप्रिलपासून तीनशेची हजार झालेली नूतनीकरणाची फी भरावी, आणि पाच वर्षांची मुदत पदरात पाडून घ्यावी, असा शिरस्ता आहे. पुढे पन्नास वर्षे झाली आणि गाडी मूळ स्वरूपात शिल्लक राहिली, तर २०२१ च्या नियमांन्वये तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होऊ शकते, तिच्या पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे चढतात, आणि प्रदर्शनात किंवा जुन्या गाड्यांच्या रॅलीत मिरवण्याचा मान तिला मिळतो. म्हणजे पंधराव्या वर्षी जिच्याकडे सरकारने संशयाने पाहिले, तिलाच पन्नासाव्या वर्षी वारसा म्हणून नमस्कार करावयाचा. मधल्या पस्तीस वर्षांत तिला जगवावयाचे कोणी आणि कशाच्या आधारावर, याविषयी दप्तरात एक अक्षरही नाही.

ते काम जो करतो तो मालक, आणि ते जेथे होते ती जागा म्हणजे घराचे अंगण, वाड्याचा बोळ किंवा गृहसंस्थेचा वाहनतळ. या घरच्या देखभालीकडे आपण फावल्या वेळेचा छंद म्हणून पाहतो, आणि ती करणाऱ्याच्या घरचे लोक तर बहुधा वेड म्हणून पाहतात. माझे मत निराळे आहे. जुन्या यंत्राची प्रकृती वयावर फारशी अवलंबून नसून लक्षावर असते. ते लक्ष विकत मिळत नाही. आणि ज्या धोरणाला वय मोजता येते पण लक्ष मोजता येत नाही, ते धोरण चांगली गाडी आणि भंगार गाडी यांना एकाच तराजूत घालते. दिल्ली परिसरात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमाने पंधरा वर्षांवरील सरसकट सर्व पेट्रोल-गाड्यांना रस्ता बंद झाला, तेव्हा हेच घडले. तेथील हवेची दशा पाहता न्यायालयापुढे दुसरा मार्ग सोपा नव्हता, हे मान्य. परंतु सोपा नसलेला मार्ग शोधण्याची तसदी त्यानंतर कित्येक वर्षे कोणी घेतली नाही, हेही तितकेच खरे.

उदाहरणादाखल बिडाच्या इंजिनाची साडेतीनशे सी.सी. बुलेट घेऊ, कारण महाराष्ट्रात रमतगमत लांब पल्ल्याला जाणारी भारदस्त मोटारसायकल म्हटले, की तीन पिढ्यांच्या डोळ्यांसमोर तीच उभी राहते. इंग्लंडातील रेडिच गावच्या रॉयल एन्फील्ड कंपनीने या बांधणीची बुलेट १९४९ मध्ये बाजारात आणली. भारतीय सैन्याला आणि पोलिसांना गस्तीसाठी गाड्या हव्या होत्या, म्हणून १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एन्फील्ड इंडिया स्थापन झाली. तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात प्रथम सुटे भाग जोडून आणि पुढे सर्व भाग येथेच घडवून तीच गाडी निघू लागली. १९७० पर्यंत मूळ इंग्रजी कंपनीचा कारभार आटोपला, आणि १९७७ मध्ये मद्रासची बुलेट उलट इंग्लंडला जाऊ लागली. जिच्या मायभूमीत तिचा वंश बुडाला, ती आपल्याकडे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीपर्यंत, बारीकसारीक फेरफार सोडता, त्याच मापांनी तयार होत राहिली: सत्तर मिलिमीटरचा बोअर, नव्वद मिलिमीटरचा स्ट्रोक, अठरा अश्वशक्ती, उजव्या पायाखाली चार गिअर आणि डाव्या पायाखाली ब्रेक. या दीर्घ सातत्याचा फायदा असा, की १९७० च्या दशकातल्या गाडीला लागणारा कित्येक जिन्नस १९९० च्या दशकातल्या गाडीवरून उतरवून बसवता येतो, आणि एका गाडीवर शिकलेले ज्ञान दुसरीवर फुकट जात नाही.

हे इंजिन घरी सांभाळता येते याचे खरे कारण, ते आपली अवस्था झाकून ठेवत नाही. हेडलाइटच्या वरच्या घडणीत बसवलेला अँमीटर घ्या. चावी फिरवली आणि इग्निशनचे पॉइंट मिटलेले असले, की त्याचा काटा डावीकडे झुकतो. किक सावकाश दाबत गेले, की एका क्षणी तो मध्यावर येतो, म्हणजे पॉइंट उघडले आणि पिस्टन माथ्याजवळ आला. मग डाव्या मुठीजवळचा डिकॉम्प्रेसरचा खटका ओढून पिस्टन किंचित पुढे न्यावा, खटका सोडावा, आणि किक पुरी वरपर्यंत येऊ देऊन एकच सरळ किक मारावी. ज्याला हे ठाऊक नाही तो घामाघूम होईपर्यंत किका मारतो, क्वचित उलट्या किकेने पायाचा घोटाही दुखावून घेतो, आणि गाडी चालू होत नाही म्हणून मेकॅनिककडे ढकलत नेतो. वास्तविक काटा मुळीच हलला नाही, तर वीज पॉइंटपर्यंत पोहोचत नाही; डावीकडे जाऊन तेथेच अडकला, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा तार कोठे तरी अंगाला टेकली आहे; नीट हलतो आहे आणि तरीही गाडी बोलत नाही, तर प्लग किंवा पेट्रोल पाहावे. एवढी साक्ष एका काट्याने द्यावी आणि ती वाचणारा कोणी नसावा, हा गाडीचा दोष खासच नाही.

टॅपेटचे काम याहून थोडे नाजूक, पण घरचेच. सकाळी इंजिन पुरते थंड असताना प्लग काढावा, गाडी स्टँडवर घेऊन चौथ्या गिअरमध्ये टाकावी, आणि मागचे चाक हाताने फिरवीत पिस्टन दाबाच्या फेरीत माथ्यावर आणावा. सिलिंडरच्या उजव्या अंगाला, बुडाशी, एकाच नटावर बसलेले लहानसे झाकण असते. ते काढले, की दोन पुशरॉड शेजारी शेजारी उभे दिसतात. प्रत्येक पुशरॉड अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून फिरवून पाहावा. तो तेलकट बोटांतही सहज फिरला पाहिजे, परंतु वरखाली केसभरही हलता कामा नये. सैल असेल तर रस्त्यावर टकटक ऐकू येते, आणि मालक अस्वस्थ होतो; आवळलेला असेल तर काहीच ऐकू येत नाही, आणि मालक निश्चिंत राहतो. वस्तुतः चिंता दुसऱ्या प्रसंगी करावयाची, कारण आवळलेल्या टॅपेटमुळे एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पुरता टेकत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, आणि त्याची कड हळूहळू जळत जाते. लॉकनट आवळताना माप सरकते, म्हणून आवळल्यावर पुन्हा एकदा बोटांनी पुशरॉड फिरवून पाहणे, ही या कामातली खरी शिस्त. आणि घाईत असलेला मनुष्य नेमकी हीच पायरी गाळतो. दिवसाला वीस गाड्या हातावेगळ्या करणाऱ्या कारागिराला तेवढी सवड कोठून मिळणार? मालकाला मात्र रविवार असतो.

पॉइंटचेही तसेच. त्यांच्यातील फट साधारण पंधरा थाउ, म्हणजे इंचाचा पंधरा हजारांश. मिलिमीटरच्या भाषेत ०.३५ ते ०.४०. कॅमवर घासणारी पॉइंटची टाच झिजत जाते तशी ही फट कमी होते, ठिणगी उशिरा पडू लागते, गाडी चढावर दमते, सायलेन्सरची नळी तापून निळी पडते. मालक म्हणतो, इंजिन थकले. थकलेली असते ती कॅमवर घासणारी पॉइंटची टाच, आणि फिलरगेज व पेचकस यांच्या साहाय्याने पाव तासात ती कसर भरून निघते.

परंतु ज्या एका गोष्टीमुळे या गाड्यांचे सर्वाधिक नुकसान झाले, ती निष्काळजीपणाची नसून अज्ञानयुक्त काळजीची आहे. बुलेटच्या तेलाची टाकी इंजिनाच्या घडणीतच मागच्या बाजूला असते. तीत दोन-सव्वादोन लिटर तेल राहते, आणि एक पंप ते इंजिनाला पुरवतो, तर दुसरा ते परत आणतो. गाडी तीन-चार आठवडे उभी राहिली, की टाकीतले तेल पंपातून झिरपत क्रँकच्या पोटात उतरते. मालक प्रवासापूर्वी काळजीपूर्वक डिपस्टिक पाहतो. ती कोरडी दिसते. तो अर्धा-पाऊण लिटर तेल ओततो. गाडी चालू होताच पोटातले तेलही टाकीत परत येते, आता ते मर्यादेपेक्षा जास्त झालेले असते, आणि वाट मिळेल तेथून, विशेषतः ब्रीदरच्या नळीतून, बाहेर पडू लागते. सायलेन्सर निळसर धूर सोडतो. धूर आणि गळती ही दोन लक्षणे एकदम दिसली, की निदान ठरलेले: रिंगा गेल्या, बोअरिंग करावे लागेल. इंजिन उतरते. बिडाचा सिलिंडर लेथवर चढतो आणि त्याच्या अंतर्भागातून वीस थाउ धातू खरवडून काढला जातो, की जो परत येत नाही. वीस झाले, पुढच्या खेपेला चाळीस, आणि मग स्लीव्ह घालण्याची पाळी. डिपस्टिक पाहण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे इंजिन चालवून घ्यावे, एवढे एक वाक्य ठाऊक असते, तर यातले काहीच घडले नसते.

म्हणून घरच्या देखभालीचा मोठा भाग न उघडण्याचा आहे, असे मी समजतो. जो मनुष्य पाना हातात घेण्यापूर्वी पाहतो, ऐकतो, हात लावून तापमान घेतो, आणि मागच्या महिन्यात काय केले होते ते वहीत उघडून वाचतो, तो दहातले सहा नट जागच्या जागी राहू देतो. उघडलेल्या प्रत्येक नटाची किंमत असते. या गाडीवर तर विशेषच, कारण तिच्या अंगावर जुन्या इंग्रजी मापांचे आणि मेट्रिक मापांचे नट एकाच कुटुंबात नांदतात. व्हिटवर्थ मापाच्या नटावर जवळच्या मेट्रिक मापाचा पाना चालून गेल्यासारखा वाटतो, जोर लावताच कोपरे गोल होतात, पुढचा मनुष्य तेथे छिन्नी लावतो, आणि अल्युमिनियमच्या घडणीतले आटे जातात. इंग्रजी पान्यांचा एक जुना संच जुन्या बाजारात शोधून घ्यावा. क्रोमच्या चकचकीत शिंगांपेक्षा त्याचा खर्च कमी आणि उपयोग अधिक आहे.

याचा अर्थ सर्व कामे घरी करावीत असा नव्हे. क्रँकचा बिग-एंड बसवणे, व्हॉल्व्हच्या बैठका कापणे, सिलिंडर बोअर करणे, ही अनुभवी हाताची आणि अचूक यंत्राची कामे आहेत, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्याच्या गल्लीबोळांत लेथवर चार दशके उभे राहिलेल्या माणसाच्या कसबापुढे हौशी मनुष्याने नम्र व्हावे हेच योग्य. परंतु ज्याने स्वतः टॅपेट लावला आहे तो या कारागिराला काय विचारावे हे जाणतो, त्याने मागितलेली मजुरी का रास्त आहे हे जाणतो, आणि नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानात उभा राहून अस्सल आणि नकली पॉइंट यांतला भेद निदान बोटांनी चाचपून पाहतो. गिऱ्हाईक जाणते असले, की कारागीरही चोख काम करतो. अडाणी गिऱ्हाइकापुढे चोखपणाला किंमत नसते, हे त्याला व्यवसायाने शिकवलेले असते.

अलीकडे जुन्या बुलेटवर एक नवेच संकट आले आहे, आणि ते प्रेमाच्या वेषात येते. त्याला ‘रिस्टोरेशन’ म्हणतात. पस्तीस वर्षांची, धडधाकट चालणारी गाडी कोणी तरी उत्साही तरुण विकत घेतो, तिचा सांगाडा उघडा करतो, मूळ रंग वाळूच्या माऱ्याने उडवून पावडरचा नवा थर चढवतो, रुंद टायर आणि उंच हँडल बसवतो, आणि टाकीवरच्या सोनेरी रेघा, ज्या मद्रासच्या कारखान्यात कारागीर हाताने ओढीत असत, त्यांच्या जागी छापील पट्टी चिकटवतो. मूळ सायलेन्सर काढून कर्णकटू पुंगळी लावली जाते ती वेगळीच. पोलिसांनी जप्त केलेल्या अशा पुंगळ्या रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात, आणि ती पाहून मला यत्किंचितही दुःख होत नाही. आवाजाचा उपद्रव सोडला तरी, सायलेन्सर मोकळा केल्यावर कार्बोरेटरचे जेट त्यानुसार बदलले नाहीत, तर मिश्रण पातळ होते आणि इंजिन प्रमाणाबाहेर तापते. म्हणजे शेजाऱ्यांची झोप आणि स्वतःचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, दोन्ही एकाच खर्चात जातात. मोटारवाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मूळ बांधणीत मनमानी फेरफार करण्यास मनाई केली आहे, आणि पन्नासाव्या वर्षी ‘व्हिंटेज’चा दाखला मागताना गाडी मूळ स्वरूपात असावी लागते; या तरुणाने त्या दाखल्याचा हक्क पस्तिसाव्या वर्षीच गमावलेला असतो.

दुसऱ्या टोकाला आमचा सुशिक्षित मध्यमवर्ग आहे. दसऱ्याला गाडी धुऊन तिला झेंडूची माळ घालण्यात तो कोणाला हार जात नाही. परंतु वर्षाचे उरलेले दिवस तिच्या साखळीला ग्रीस लावणे हे त्याला दुसऱ्या कोणाचे तरी काम वाटते. पदवी आणि पाना यांच्यात आपण जी भिंत घातली आहे, तिची मुळे आपल्या जातिव्यवस्थेत खोल गेली आहेत, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांची संख्या वाढल्याने ती पडली नाही. ऊष्मागतिकीच्या परीक्षेत उत्तम गुण मिळवलेला अभियंता आपल्याच गाडीचा प्लग काढायला कोपऱ्यावरच्या पोऱ्याला हाक मारतो, हे दृश्य कोणत्याही शहरात दिसेल. त्या पोऱ्याला आपण ‘अरे’ म्हणतो आणि त्याच्या हातात आपला जीव देतो.

आता आक्षेपांकडे वळू. सर्वात वजनदार आक्षेप प्रदूषणाचा. २०२० च्या एप्रिलपासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांत इंधन फवारणारी यंत्रणा आणि उत्प्रेरक परिवर्तक असतात. बिडाच्या बुलेटमध्ये यांपैकी काही नाही, आणि कितीही निगुतीने ठेवली तरी ती दर किलोमीटरला नव्या गाडीपेक्षा अधिक विषारी वायू सोडणार. हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि जुनी गाडी रोज कचेरीला नेण्याचा आग्रह मी धरणार नाही. परंतु कायद्यानेच त्या गाड्यांसाठी मर्यादा ठरवून दिल्या आहेत: मार्च २००० अखेरपर्यंतच्या दुचाकीला निष्क्रिय गतीत कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांपर्यंत, आणि त्यानंतरच्या चार-स्ट्रोक गाडीला साडेतीन टक्क्यांपर्यंत. या मर्यादेच्या आत राहणे हे हवेच्या स्क्रूच्या अर्ध्या वळणावर, स्वच्छ एअर-फिल्टरवर आणि योग्य वेळी पडणाऱ्या ठिणगीवर अवलंबून असते; म्हणजे पुन्हा घरच्या लक्षावरच. आपल्याकडचे प्रदूषणाचे दाखले किती गांभीर्याने दिले जातात, हे वाचकांना मी सांगायला नको. नळी सायलेन्सरमध्ये खरोखर घालून आकडा खरोखर वाचला गेला, तर वयाची अट लावण्याची गरजच उरणार नाही. वाईट ठेवलेली दहा वर्षांची गाडी अडकेल आणि चांगली ठेवलेली तीस वर्षांची सुटेल.

दुसरा आक्षेप असा, की ही सारी मूठभर हौशी लोकांची चैन आहे. तो मला पटत नाही. खेड्यापाड्यांत दुधाचे कॅन लादून दोन पिढ्या बुलेट चालवणारे लोक हौशी नव्हते. नवी गाडी घेणे परवडत नाही म्हणून जुनी चालू ठेवणे ही आपल्या बहुसंख्य समाजाची अर्थनीती आहे. मात्र हे स्वावलंबन नव्या गाड्यांबरोबर पुढच्या पिढीला मिळेलच याची शाश्वती नाही. आजच्या गाडीचे दुखणे ओळखायला निदान-यंत्र लागते, आणि ते यंत्र व त्याची किल्ली बहुतांशी अधिकृत सेवाकेंद्राच्या हाती असते. केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि तिच्या कक्षेत शेतीची अवजारे व भ्रमणध्वनी यांच्याबरोबर मोटारगाड्याही घेतल्या, ही चांगली गोष्ट झाली. तिच्यातून एक संकेतस्थळ निघाले. कायदा निघावयाचा आहे. तो करताना उत्पादकांनी दुरुस्तीची पुस्तिका मालकाच्या भाषेत उपलब्ध करून देणे बंधनकारक करावे, आणि उत्पादन बंद झाल्यावरही ठरावीक मुदतीपर्यंत सुटे भाग पुरवावेत, एवढ्या दोन तरतुदी तरी असाव्यात. बुलेटची इंग्रजी पुस्तिका नशिबाने सापडते. मराठीत अशी पुस्तिका मला कधी पाहावयास मिळाली नाही, आणि जे ज्ञान मराठीत आहे ते सारे कारागिरांच्या तोंडी आहे.

परिवहन खात्यापुढेही एक तजवीज ठेवावीशी वाटते. पंधराव्या वर्षीच्या आणि त्यापुढच्या प्रत्येक तपासणीच्या वेळी मालकाने देखभालीची नोंदवही सादर करावी: तेल कधी बदलले, टॅपेट आणि पॉइंट कधी पाहिले, ब्रेकचे लायनर कधी घातले, धुराचा आकडा किती आला. ज्याची वही नीट आणि धूर मर्यादेत, त्याला फीमध्ये सवलत द्यावी. ज्याच्याकडे दोन्ही नाही, त्याची गाडी खुशाल थांबवावी. कोणीही बसल्या बैठकीला वही रचून आणील, ही शंका रास्त आहे. पण मोटारवाहन निरीक्षकाला यंत्र अथवा मोटार अभियांत्रिकीची पदविका असावी लागते. बुलेटचे तेल गाडी चालवून मग पाहतात की आधी, एवढा एकच प्रश्न त्याने समोरच्या मालकाला विचारला, तरी वही घरी लिहिली आहे की कार्यालयाबाहेरच्या दलालाच्या टेबलावर, हे त्याला तत्काळ कळेल.